सगळी काढलेली गाठ परत येते कुठून?



मागच्या महिन्यात आपल्या रेडिओला एका ताईंनी फोनवरून आवाजी निरोप पाठवला. नाव घेऊ नका म्हणाल्या, म्हणून घेत नाही. त्यांच्या नवऱ्याच्या डोक्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दिसत होती तेवढी सगळी काढली. घरात पेढे वाटले. आठव्या महिन्यात पुन्हा फिट आली, पुन्हा मशीनमध्ये घालून फोटो काढला, तर पहिल्या जागेच्या अगदी शेजारी गाठ परत उभी. आता सासू म्हणते, हिनं पथ्य पाळलं नाही. दीर म्हणतो, डॉक्टरनं गाठ अर्धीच काढली आणि पैसे पुरे घेतले. शेजारीण म्हणते, कुणीतरी केलंय. ताईंचा प्रश्न एवढाच होता: "सगळी काढलेली गाठ परत येते कुठून?"

मी काही डॉक्टर नाही. इतिहास घेऊन बीए केलेली, बचत गटांचं काम बघणारी बाई. पण हा प्रश्न मनातून जाईना. म्हणून वाचलं, जाणत्यांना विचारलं, आणि आज तेच तुमच्यापुढं मांडतेय. थोडं शास्त्र आहे यात. हातातलं निवडण-टिपण चालू राहू द्या, पण मध्येच कुठं अडलं तर शेजारच्या बाईला विचारा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. डोक्यात गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. आपल्या देशात फिट आलेल्या माणसाच्या मेंदूत जी गाठ दिसते ती पुष्कळदा जंताची असते. पट्टकृमीची अंडी घाणेरड्या हातातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि त्याची अळी मेंदूत जाऊन बसते. कधी ती टीबीची गाठ असते. या दोन्हींवर औषध आहे. कधी मेंदूच्या वरच्या आवरणाला गाठ येते, तिला मेनिंजिओमा म्हणतात. ती बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, मेंदूला बाहेरून ढकलत वाढते, आणि सोयीच्या जागी असली तर अख्खी निघते. ताईंच्या नवऱ्याला झाली ती या सगळ्यांपेक्षा वेगळी. तिचं नाव ग्लिओब्लास्टोमा. मेंदूतच जन्मणाऱ्या कॅन्सरांमधला मोठ्या माणसांत सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत अवघड. तरी एकूण बघितलं तर हा आजार दुर्मीळच. अमेरिकेत वर्षाला लाख माणसांत साधारण तिघांना होतो. म्हणजे डोकं दुखलं की लगेच घाबरायचं कारण नाही.

आता गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं काय येतं? शेतातला दगड. पहार लावली, उचलला, बांधावर टाकला, संपलं. मेनिंजिओमा पुष्कळसा तसा. पण ग्लिओब्लास्टोमा म्हणजे हरळी. तुम्हाला हरळी सांगायला नको. वर दिसते मूठभर, खाली तिचे तंतू हातभर लांब पसरलेले. खुरप्यानं वरची उपटली तर शेत दोन दिवस स्वच्छ दिसतं. पाऊस पडला की चार बोटं पलीकडून हिरवी टोकं वर. खुरपणाऱ्या बाईनं कामचुकारपणा केला म्हणून हे होत नाही, तिची जातच तशी.

या गाठीच्या पेशी तशाच मेंदूत विखुरलेल्या असतात. पेशी म्हणजे आपलं शरीर ज्या बारीक-बारीक विटांचं बनलंय ती एकेक वीट, फक्त जिवंत. मशीनच्या फोटोत दिसतो तो पेशींचा दाट ढीग. त्याच्या भोवती जी एकटीदुकटी पेशी चांगल्या मेंदूत शिरून बसलेली असते ती फोटोतही दिसत नाही आणि सर्जनच्या डोळ्यालाही दिसत नाही. "दिसत होती तेवढी सगळी काढली" हे डॉक्टरांचं वाक्य अक्षरशः खरं असतं. आपण त्यातलं "दिसत होती तेवढी" ऐकत नाही, "सगळी काढली" एवढंच ऐकतो.

मग डॉक्टरांनी थोडा जास्त भाग कापला तर? हा विचार फार जुना आहे आणि तो करूनही बघितलाय. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात वॉल्टर डँडी नावाचे मोठे सर्जन होते. मेंदूचे दोन अर्धे भाग असतात, उजवा आणि डावा. ज्या रुग्णांच्या उजव्या भागात अशी गाठ होती आणि त्यामुळं डावं अंग आधीच लुळं पडलं होतं, अशा काही जणांचा अख्खा उजवा अर्धा भाग डँडींनी काढून टाकला. १९२८ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. अर्धा मेंदू काढला, तरीही आजार परत आला. दोन अर्ध्या भागांना जोडणारा तंतूंचा एक जाड पूल असतो, तो ओलांडून पेशी आधीच पलीकडे जाऊ शकतात. त्यानंतर चाकूनं ही हरळी संपवता येईल असं कुणी म्हणत नाही.

इथवर "कुठून येते" याचं उत्तर झालं. पण मला पुढचा प्रश्न पडला. स्तनाच्या गाठीतली पेशी रक्तातून फुप्फुसात, हाडात जाते. ही पेशी मेंदूबाहेर क्वचितच जाते, मात्र मेंदूत पायी चालते. तिला चालायला सांगतं कोण?

याचं उत्तर आहे निरोप. आपल्या शरीरातली कुठलीच पेशी मनानं वागत नाही. ती सारखी निरोपांवर चालते. गटाची बैठक ठरली की अध्यक्ष सचिवाला सांगते, सचिव दोघींना, त्या दोघी चौघींना, आणि शेवटी कुणीतरी वही उघडून त्यात लिहितं. पेशीतही तसंच. पेशीच्या अंगावर दाराच्या बेलसारखी बटणं असतात. बाहेरून एखादा रसायनाचा कण येऊन बटणावर बसला की आत बेल वाजते. आतला एक जण दुसऱ्याला हात लावतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत निरोप पेशीच्या आतल्या खोलीत पोचतो, जिथं आपल्या वंशाची वही ठेवलेली असते. मग त्या वहीतलं ठरावीक पान उघडतं: वाढ, थांब, दोनाच्या चार हो, किंवा चालायला लाग. शास्त्रज्ञ या साखळीला सिग्नलचा मार्ग म्हणतात. मी निरोपाची साखळी म्हणते.

अशा निरोपांपैकी एक शोधून काढणारी एक बाई होती, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी, इटलीतल्या तुरीन शहरातली. १९०९ चा जन्म. मुलीनं डॉक्टर होऊ नये असं वडिलांचं मत, तरी ती झाली. १९३८ साली तिथल्या सरकारनं ज्यू लोकांना विद्यापीठातून बाहेर काढलं, त्यात तिचीही नोकरी गेली. तिनं आपल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुयांना धार लावून उपकरणं केली. प्रयोग कशावर, तर कोंबडीच्या अंड्यांवर. बाहेर महायुद्ध चालू, आणि ही अंड्यातल्या पिल्लाच्या नसा कशा वाढतात ते बघतेय. पुढं ती अमेरिकेत गेली. तिथं उंदराच्या कॅन्सरची गाठ अंड्यातल्या पिल्लाला लावली की पिल्लाच्या नसा जुडगेच्या जुडगे वाढायच्या. मग तिनं गाठ पिल्लाला टेकू न देता अंड्याच्या आतल्या पडद्यावर ठेवली. दोघांत फक्त रक्त सामाईक. तरी नसा वाढल्याच. म्हणजे गाठ दुरून काहीतरी पाठवत होती. तो निरोप होता.

तिच्याबरोबर काम करणारे स्टॅन्ली कोहेन यांना पुढं आणखी एक निरोप सापडला. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लाला तो टोचला तर दोन आठवड्यांनी उघडणारे डोळे आठवड्याभरातच उघडायचे. त्याचं नाव ईजीएफ. दोघांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. रीटाबाई १०३ वर्षं जगल्या, २०१२ साली गेल्या. आपल्याकडं मुलीला सातवीनंतर शाळेतून काढताना कुणाला शिवणाच्या सुया आठवल्या तर बरं, असं मला वाटतं. असो.

हा ईजीएफचा निरोप घेणारं पेशीवरचं बटण म्हणजे ईजीएफआर. ग्लिओब्लास्टोमाच्या साधारण निम्म्या गाठींमध्ये हेच बटण बिघडलेलं असतं. चांगल्या पेशीवर मोजकी बटणं असतील, तर या पेशीवर ढीगभर. एवढ्याशा निरोपानंही आत कल्लोळ. त्याहून वाईट म्हणजे काही गाठींत बटणाचा बाहेरचा तुकडाच गळून पडलेला असतो. मग कुणी दाबो न दाबो, आत बेल वाजतच राहते. बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलं की घरात कसं होतं, तसंच.

बेल वाजली तरी प्रत्येक साखळीत एक थांबवणारा असतो. आपल्या गटात नाही का, कर्जाचा अर्ज आला की एखादी ताई म्हणते, "थांबा, आधीची परतफेड बघू." पेशीतल्या त्या ताईचं नाव पीटेन. ती साखळीतला निरोप खोडून टाकते. या आजारात पुष्कळ गाठींमधून पीटेन नाहीशीच झालेली असते. एकीकडं बेल अडकलेली, दुसरीकडं "थांबा" म्हणणारी नाही. आणखीही निरोप आहेत. टीजीएफ-बीटा नावाचा आहे, तो एरवी पेशींना आवरतो, पण या गाठीत उलटा फिरून त्यांना सैल सुटायला सांगतो. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही. साखळी एक नाही, अनेक आहेत, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, एवढं लक्षात असू द्या. पुढं औषधांचं बोलताना ते कामी येईल.

हे निरोप पोचले की पेशी चालते म्हणजे काय करते? पुढच्या बाजूनं एक पाय काढते. पाय म्हणजे तिच्याच अंगाचा लांबट फुगवटा. तो पुढं टाकते, चिकटवते, मग मागचं अंग सोडवून ओढून घेते. पुढं वाट अडली तर पेशी एक रस सोडते, त्यानं शेजारच्या पेशींमधला गिलावा विरघळतो आणि फट होते. फट अरुंद असली तर अंग पिळवटून आत घुसते, कणगीच्या फटीतून उंदीर जातो तशी. दिवसभरात मोहरीच्या दाण्याएवढंही अंतर कापत नाही. पण रात्र नाही, दिवस नाही, चालतच असते. आणि आडरानातून नाही, पायवाटेनं चालते. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या कडेनं आणि मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या तंतूंच्या कडेनं. रस्ता आधीच केलेला आहे, ही फक्त त्यावर चढते.

ही चाल पेशी कुठं शिकली, ते कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या मेंदूच्या पेशी एका जागी जन्मतात आणि चालत-चालत आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात. तुमच्या-माझ्या पोटात प्रत्येक बाळाच्या बाबतीत हे घडलंय. बाळाची वाढ झाली की वहीतलं ते पान मिटतं. गाठीच्या पेशीत ते पान पुन्हा उघडतं. करणी नाही, बाहेरून आलेलं भूत नाही. आपलंच जुनं पान, चुकीच्या वेळी उघडलेलं.

आणखी दोन गोष्टी या पेशींना चालायला लावतात. पहिली, उपासमार. गाठ भराभर वाढते तेव्हा तिच्या मध्यभागी रक्त पुरत नाही, प्राणवायू कमी पडतो. तिथल्या पेशी नव्या रक्तवाहिन्यांना हाक मारणारा निरोप सोडतात, आणि बऱ्याचशा पेशी सरळ वस्ती सोडून निघतात. दुष्काळात आपल्याकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, तसं. डॉक्टरांनी विचार केला की रक्ताची हाकच बंद करू, गाठ उपाशी मरेल. बेव्हासिझुमॅब नावाचं औषध त्यासाठी दिलं गेलं. त्यानं मेंदूची सूज कमी होते, काही रुग्णांना आराम पडतो. पण २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, तेव्हा कळलं की माणसाचं एकूण आयुष्य त्यानं वाढत नाही. उंदरांवरच्या काही प्रयोगांत तर रक्त तोडल्यावर पेशी जास्तच पांगलेल्या दिसल्या. दुष्काळ पाडला की स्थलांतर वाढणारच.

दुसरी गोष्ट, फितुरी. मेंदूत राखणदार पेशी असतात, मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. घाण दिसली की खाऊन टाकायची हे त्यांचं काम. गाठीच्या पेशी त्यांना निरोप धाडून जवळ बोलावतात, आणि त्या राखणदारणी गाठीला खायचं सोडून उलट तिला ईजीएफ पुरवतात. तोच तो, बेल वाजवणारा. राखणीला ठेवलेल्यानंच चोराला कंदील धरावा, तसा प्रकार.

२०१९ साली सर्वांत चकित करणारी गोष्ट कळली. अमेरिकेत स्टॅनफर्डला मिशेल मोंजे नावाच्या डॉक्टर बाई आणि जर्मनीत हायडेलबर्गला फ्रांक विंक्लर, अशा दोन गटांनी एकाच वेळी ती प्रसिद्ध केली. आपण विचार करतो, बोलतो, हात हलवतो तेव्हा मेंदूच्या नसपेशी एकमेकींना विजेच्या झटक्यासारखे निरोप देतात. गाठीच्या पेशी त्या तारांना आकडा टाकून वीज चोरतात. खरोखरची जोडणी करतात, आणि चोरलेल्या निरोपावर वाढतात, चालतात. त्या बदल्यात आजूबाजूच्या नसपेशी भडकतात. या रुग्णांना वारंवार फिट येतात, त्यामागचं हे एक कारण. फिटच्या काही औषधांनी हा आकडा तोडता येतो का, हे आता तपासलं जातंय. पण याचा अर्थ रुग्णानं विचार करू नये, बोलू नये, असा कुणी काढू नका. कुणीतरी काढेलच म्हणून आधीच सांगते. माणसाशी बोलत राहा, त्याला कामात घ्या.

आता साहजिक कुणीही विचारेल, बेल बिघडली हे कळलंय तर बेल बंद करणारं औषध का देत नाहीत? दिलं. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआर बंद करणाऱ्या गोळ्या चांगल्या चालतात. त्याच इथं दिल्या, आणि त्यांनी निराशा केली. एक तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांची जाळी फार घट्ट विणलेली असते, बरीच औषधं आत पोचतच नाहीत. दुसरं, एकाच गाठीत शेजारी-शेजारी बसलेल्या दोन पेशींची बिघडलेली बटणं वेगळी असतात. एकीची बेल बंद केली तरी दुसरीची चालू. आणि तिसरं मघाशी म्हणाले ते: एक साखळी तोडली की निरोप दुसऱ्या साखळीनं जातो. अध्यक्षेचा फोन लागला नाही म्हणून बैठक कधी रद्द झालीय का आपली?

म्हणून आजही उपचार तिहेरी आहे. पहिलं ऑपरेशन. त्यानं सगळं निघत नाही हे आपण बघितलं, पण डोक्यातला दाब उतरतो, हातपाय-बोलणं सुधारू शकतं, आणि तपासायला गाठीचा तुकडा मिळतो. दुसरं शेक, म्हणजे रेडिएशन. गाठ परत येते ती बहुतेक वेळा जुन्या जागेच्या दोन सेंटिमीटरच्या आत. म्हणून शेक नुसत्या रिकाम्या जागेला देत नाहीत, तिच्या भोवतीच्या कडेलाही देतात. साधारण सहा आठवडे, आठवड्याला पाच दिवस. "गाठ तर काढली, आता रोज कशाला जायचं, गाडीभाडं कुठून आणायचं" असं म्हणून शेक मध्येच सोडणारी घरं मी ऐकलीत. शेक त्या न दिसणाऱ्या, चालत गेलेल्या पेशींसाठीच असतो. वय जास्त असेल, प्रकृती नाजूक असेल तर तीन आठवड्यांचा छोटा शेकही असतो. तो चालेल का, हे विचारण्यात कमीपणा नाही. तिसरं, टेमोझोलोमाइड नावाची गोळी. २००५ साली मोठ्या चाचणीत दिसलं की नुसत्या शेकावर रुग्ण सरासरी बारा महिने जगतात, गोळी जोडली तर साडेचौदा. ऐकायला अडीच महिने थोडे वाटतात. पण दोन वर्षांनंतर हयात असलेले रुग्ण नुसत्या शेकावर शंभरात दहा होते, गोळीसह सव्वीस. दहाचे सव्वीस होणं मला थोडं वाटत नाही. त्या सव्वीस घरांना तर नाहीच.

गाठीचा तुकडा तपासून रिपोर्ट येतो, त्यात दोन शब्द बघायला सांगा. एक आयडीएच, दुसरा एमजीएमटी. आयडीएचमध्ये बदल सापडला तर ती गाठ वेगळ्या जातीची, बहुधा हळू वाढणारी. त्या हळू जातीसाठी व्होरासिडेनिब नावाचं नवं औषध २०२४ साली अमेरिकेत मान्य झालं. एमजीएमटीवरून टेमोझोलोमाइडचा उपयोग किती होईल याचा अंदाज येतो. हे दोन शब्द कागदावर लिहून डॉक्टरांपुढं ठेवा आणि "आमच्या रिपोर्टात याचं काय आलंय, सोपं करून सांगा" म्हणा.

आणखी एक, कारण यात फार फसवणूक होते. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्यानं दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो, बोलायला लागतो. नेमकं त्याच वेळी कुणी झाडपाल्यावाल्याकडून पुडी आणलेली असते, आणि श्रेय पुडीला जातं. मग गोळ्या बंद, पुडी चालू. स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. आणि उतरलेली सूज म्हणजे गेलेली गाठ नव्हे.

पैशाचं बोलू, कारण शेवटी अर्ज आपल्या गटाकडंच येतो. आमच्या एका गटात असा अर्ज आला तेव्हा नवऱ्यासाठी जमीन गहाण टाकायची तयारी चालली होती. बायकांनी आधी विचारलं, योजनेत नाव घातलंय का? घातलं नव्हतं. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूचं ऑपरेशन, शेक आणि कॅन्सरची औषधं बसतात, मात्र दवाखाना योजनेतला हवा. अशा दवाखान्यात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि फोटोचा रिपोर्ट घेऊन आधी तिथं जायचं, भरती व्हायच्या आधी. मग गटाच्या कर्जातून काय राहिलं? गाडीभाडं, शहरात राहणं-खाणं, आणि बुडालेली मजुरी. त्याला आम्ही बिनव्याजी दिलं. जमीन घरातच राहिली, आणि दोन लेकरं घेऊन ती बाई आज तीच जमीन कसते. नवरा सोळा महिने जगला. त्यातले अकरा महिने चालता-बोलता होता, थोरलीच्या दहावीच्या निकालाला स्वतः शाळेत गेला होता.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं असं मला वाटतं: या उपचारानं किती दिवस मिळतील, आणि त्यातले घरात, शुद्धीत किती? हा प्रश्न विचारणारी बाई नवऱ्यावर उठली नाही. उपचार थांबवून दुखणं, फिट आणि अस्वस्थपणा तेवढा आवरत ठेवायचा, असाही एक टप्पा येतो. त्यालाही दवाखान्यात डॉक्टर असतात, औषधं असतात.

राहिला सासूबाईंचा पथ्याचा मुद्दा. या आजारात कुठलंही पथ्य पाळून पेशींची चाल थांबत नाही, आणि पथ्य मोडून ती सुरूही होत नाही. वांगं खाल्लं, भात खाल्ला, डोक्यावरून पाणी घेतलं, कशाचाही संबंध नाही. आजार शिवून लागत नाही, एका ताटात जेवलं तरी नाही. बहुतेक घरांत तो पिढीजातही नसतो, लेकरांच्या सोयरिकीत तो काढायचं कारण नाही. मोबाईलमुळं होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. आणि ऑपरेशनच्या दिवशी गाठीच्या पेशी चालत पुढं गेलेल्याच होत्या. पेढे वाटले तेव्हाही त्या तिथं होत्या. त्यानंतर ताईंनी काय रांधलं आणि काय नाही, यानं त्यात काडीचा फरक पडला नसता. ताई, तुम्ही ऐकत असाल तर रेडिओचा आवाज जरा मोठा करा, सासूबाईंनाही ऐकू द्या. मुलगा त्यांचाही आहे, त्यांनाही कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, किंवा रोज पहाटे डोकं दुखून उलटी होते, एका बाजूचा हात-पाय ढिला पडत चाललाय, बोलताना शब्द सापडत नाहीत, असं दिसलं तर चप्पल हुंगवत, कांदा फोडत बसू नका. तालुक्याला किंवा जिल्ह्याला न्या आणि मेंदूचा फोटो काढायला सांगा. जंताची किंवा टीबीची गाठ निघाली तर औषधानं बरीही होईल.

फिट चालू असताना घरातल्यांनी नेमकं काय करायचं, कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काय घालायचं नाही, किती मिनिटांनी गाडी बोलवायची, हे पुढच्या गुरुवारी दुपारी तीन वाजता. आशाताई आणि गटाच्या सचिवांनी लिहून घ्यायला वही जवळ ठेवा.